खोलीतला फोन उचला, गुरुजी: हॉटेलात जेवण मागवण्यापुरतं इंग्रजी

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा आहे. डिसेंबरात ते आणि त्यांच्या सौभाग्यवती मुलाकडे दुबईला चालले आहेत. मुलाची जागा लहान, म्हणून चार रात्री हॉटेलात, आणि जाताना एक रात्र मुंबईत विमानतळाजवळ. गुरुजी लिहितात, "मागे गोव्यात हॉटेलातल्या खोलीतला फोन उचलला. पलीकडून बाई एका दमात इंग्रजीत काहीतरी बोलली. मी 'सॉरी, राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. रात्री दोघांनी पिशवीतला चिवडा खाल्ला. या वेळी चिवड्यावर भागवायचं नाही. जेवण मागवण्यापुरतं इंग्रजी सांगा."

गुरुजी, त्या पलीकडच्या बायांपैकी मी एक. वेंगुर्ल्याजवळच्या गावात मराठी शाळेत शिकले आणि उत्तर गोव्यातल्या हॉटेलांत बावीस वर्षं रूम सर्व्हिसचे फोन घेतले. या कामाला आमच्यात ऑर्डर टेकर म्हणतात. आता मालवणजवळच्या एका रिसॉर्टमध्ये नव्या पोरापोरींना हेच शिकवते. त्यामुळे तुम्हाला इंग्रजी शिकवायला बसत नाही, फोनच्या आमच्या बाजूला काय चालतं ते सांगते. ते एकदा कळलं की इंग्रजी ओंजळभर पुरतं.

ती बाई एका दमात बहुतेक हे म्हणाली असेल: "गुड ईव्हनिंग, इन-रूम डायनिंग, हाउ मे आय असिस्ट यू?" मोठ्या हॉटेलांत रूम सर्व्हिसला आता इन-रूम डायनिंग म्हणायची रीत आहे, त्यामुळे ओळखीचा शब्दही कानावर पडत नाही. तीन घंटा वाजायच्या आत फोन उचलायचा आणि हे वाक्य म्हणायचं, असं आम्हाला पहिल्या दिवशी घोटून घेतात. दिवसातून दोनशे वेळा म्हटल्यावर त्यातले शब्द एकमेकांत विरघळतात. त्यात उत्तर देण्यासारखं काहीही नसतं. तिचा दम संपला की तुम्ही बोलायचं, एवढंच. आणि हो, तुमच्या खोलीचा नंबर, बऱ्याच ठिकाणी नावसुद्धा, तिच्या समोरच्या फोनवर दिसत असतं. तुम्ही राँग नंबर म्हणालात तेव्हा ती गालात हसली असेल, पण चिडली नसेल. असे फोन आम्हाला रोज येतात, आणि ते फक्त मराठी माणसांचेच असतात असंही नाही. रशियन पाहुणेसुद्धा घाबरून फोन ठेवतात.

आता मुख्य गोष्ट. आमचे प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. काय पाहिजे, कसं पाहिजे, प्यायला काय, कशाची ॲलर्जी आहे का. मग मी ऑर्डर परत वाचून दाखवणार, आणि शेवटी किती वेळ लागेल ते सांगणार. वेंगुर्ल्यात काय, मुंबईत काय, दुबईत काय, थोडंफार इकडेतिकडे होऊन हेच चालतं. सत्यनारायणाच्या पूजेत संस्कृत किती जणांना कळतं? पण भटजी थांबले की पळी उचलायची, हे यजमानाला बरोबर कळतं. तसंच हे आहे. पुढचा प्रश्न कुठला येणार ते माहीत असेल तर त्यातला एखादाच शब्द कानावर पडला तरी काम होतं.

सुरुवात करायला "डिनर फॉर टू, प्लीज" हे चार शब्द पुरे. "आय वुड लाइक टू ऑर्डर सम फूड" हेही चांगलं वाक्य आहे, जिभेवर बसलं तर वापरा. पण पूर्ण वाक्याच्या नादात लोक अडकतात. माझा सल्ला, वाक्य बांधूच नका. आकडा, पदार्थ, आणि शेवटी प्लीज. "वन व्हेज पुलाव, टू रोटी, वन दाल, प्लीज." आमच्या कागदावरही एवढंच उतरतं. "आय वाँट" म्हटलं तर कुणी रागावत नाही, पण कानाला जरा हुकूम सोडल्यासारखं लागतं. मराठीत आपण सारखं कृपया म्हणत नाही, कारण आपला आदर क्रियापदातच असतो: दे, द्या, द्याल का. इंग्रजीत तो सगळा आदर त्या एका प्लीजमध्ये कोंबलेला आहे. तेवढा एक शब्द विसरू नका, बाकी व्याकरण चुकलं तरी चालतं.

आकड्यांत मात्र सांभाळा. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. त्या हॉटेलात फोनवर नंबर दिसायची सोय नव्हती. रात्री अकराला एका पाहुण्यांनी "टू फिफ्टी" असं सांगितलं आणि मी ऐकलं "टू फिफ्टीन". दोन सूप आणि क्लब सँडविच घेऊन पोरगा दोनशे पंधराच्या दारात. आत गाढ झोपलेलं जोडपं. दोनशे पन्नासवाले तासभर उपाशी, मॅनेजर माझ्यावर, आणि मी रडकुंडीला. तेव्हापासून मी एक-एक आकडा सुटा विचारते, आणि तुम्हीही सुटाच सांगा: "टू फाइव्ह झीरो". थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी हे सगळे भाऊ असेच घात करतात. पदार्थांच्या संख्येतही "फिफ्टीन इडली" म्हणायची वेळ आलीच, तर "वन-फाइव्ह" जोडा.

वेळ सांगतानाही आपली सव्वा-पाउण-साडे मध्ये येते. मनात पावणेआठ असतं आणि त्याचं इंग्रजी करताना क्वार्टर टू की क्वार्टर पास्ट यात गोंधळ उडतो. सरळ घड्याळ वाचा: "सेव्हन फॉर्टी-फाइव्ह". साडेआठ म्हणजे "एट थर्टी". आणि मुंबई-पुण्याकडे सर्रास चालणारं "वन बाय टू सूप" देशाबाहेर कुणालाही कळणार नाही. तिथे "वन सूप, टू बोल्स, प्लीज" म्हणा.

दुसरा प्रश्न, कसं पाहिजे, हा खरा घाम फोडणारा. तो न्याहारीला जास्त सतावतो, कारण गोऱ्या पद्धतीच्या न्याहारीत अंड्याचेच पाच अवतार. "हाउ वुड यू लाइक युवर एग्ज?" हा प्रश्न आला की समजा, तुमच्यापुढे अवतारांची यादी आहे. सनी साइड अप म्हणजे एका बाजूने भाजलेलं, पिवळं उघडं आणि पातळ. तेच उलटून जरासं भाजलं की ओव्हर ईझी. आपल्याकडचं डबल फ्राय म्हणजे दोन्ही बाजूंनी घट्ट, त्याला तिकडे "ओव्हर हार्ड" म्हणतात. स्क्रॅम्बल्ड म्हणजे मसाला नसलेली भुर्जी, दूध-लोण्याची. पोच्ड म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेलं. मी नवखी असताना एकाने "ओव्हर ईझी" म्हटलं, आणि मला वाटलं बोलणं संपलं असं सांगतोय. मी "थँक यू सर" म्हणून फोन ठेवला. तुम्हाला काही सुचलं नाही तर "ऑम्लेट, वेल कुक्ड, प्लीज" म्हणा, आणि हवं तर "विथ अनियन अँड ग्रीन चिली" जोडा. जगात कुठेही मिळतं.

टोस्टला विचारतील "व्हाइट ऑर ब्राउन?", पाण्याला विचारतील "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" स्टिल म्हणजे आपलं साधं पाणी, स्पार्कलिंग म्हणजे फसफसणारं, सोड्यासारखं. हे न कळता स्पार्कलिंग मागवून, तोंड वाकडं करत बाटली परत करणारे कितीतरी पाहिलेत. उघडलेल्या बाटलीचे पैसे लागतात.

तिखटाबद्दल एक बारीक गोष्ट. "हॉट" शब्दाचे दोन अर्थ आहेत, गरम आणि तिखट. "व्हेरी हॉट, प्लीज" म्हणाल तर आचारी मिरच्या ओतेल. गरम हवं असेल तर "पायपिंग हॉट" म्हणता येतं, पण सोपं म्हणजे "नॉट कोल्ड, फ्रेशली मेड, प्लीज". तिखटाला नेहमी "स्पायसी": "लेस स्पायसी", "मीडियम स्पायसी", "नो चिली". मालवणी जेवणाची सवय असेल तर एक इशारा देते. परदेशात "स्पायसी" म्हणून आलेलं बहुतेक वेळा आपल्या घरच्या वरणाइतकंच तिखट असतं. तुमच्या सौभाग्यवतींनी लोणच्याची छोटी बाटली नेली तर त्यांना कोणी नाव ठेवणार नाही.

आता मासे, कारण आपल्या किनाऱ्यावरचा माणूस हॉटेलात गेला तरी मेनूत आधी मासेच शोधणार. आणि मेनूत मासा आपल्या नावाने कधी भेटत नाही. सुरमई, म्हणजे आमच्याकडची इसवण, तिथे किंगफिश असते. पापलेट पॉम्फ्रेट, हलवा ब्लॅक पॉम्फ्रेट, बांगडा मॅकरेल, तारली सार्डिन, रावस इंडियन सॅमन. सॅमन एवढंच लिहिलं असेल तर तो रावस नव्हे, थंड समुद्रातला गुलाबी मासा. कोलंबी प्रॉन्स, पण अमेरिकन मेनूत श्रिंप. कुर्ल्या क्रॅब, तिसऱ्या क्लॅम्स, कालवं ऑयस्टर्स, शेवंड लॉब्स्टर, माकुल स्क्विड. माकुल मेनूवर कॅलमारी या नावाने मिरवते, आणि ते काहीतरी विलायती आहे असं समजून लोक दुप्पट कौतुकाने खातात. मोरी म्हणजे शार्क. आणि बोंबलाचं इंग्रजी नाव बॉम्बे डक, त्याचा बदकाशी काही संबंध नाही. एकदा एका शाकाहारी पाहुण्यांनी मला विचारलं होतं, "मुंबईत बदक खातात?" दुबईत हमूर नावाचा मासा सगळीकडे दिसेल. तो आपल्या गोबऱ्याच्या जातीतला, जाड मांसाचा आणि कमी काट्यांचा. बिनधास्त मागवा.

माशाच्या पदार्थापुढे किमतीच्या जागी "एपीएस" किंवा "मार्केट प्राइस" लिहिलेलं असेल तर थांबा. एपीएस म्हणजे ॲज पर साइज, मासा जेवढा मोठा तेवढी किंमत. आपल्याकडे तारकर्लीत किंवा गणपतीपुळ्यात खानावळवाला मासा ताटात धरून दाखवतो आणि भाव सांगतो, भांडण मिटतं. फोनवर ते होत नाही. म्हणून आधी विचारायचं, "हाउ मच इज इट टुडे?", आणि उत्तर येईपर्यंत "ओके" म्हणायचं नाही. पैशावरून होणारी निम्मी भांडणं मी या एका शब्दावरून झालेली पाहिली आहेत, आणि त्यात पाहुणे क्वचितच चुकीचे असतात. आमची बाजूच किंमत सांगायला टाळाटाळ करते. दुसरा प्रश्न, "इज इट फ्रेश ऑर फ्रोझन?" पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत हॉटेलात पापलेट मिळालंच तर ते बहुतेक बर्फातलं. तुम्ही डिसेंबरात चाललात, हंगाम चांगला आहे, मुंबईत बिनधास्त विचारा. काट्यांची भीती असेल तर "बोनलेस" किंवा "फिले".

भाज्यांची नावंही सरहद्द ओलांडली की बदलतात. आपण इंग्रजी समजून ब्रिंजल, लेडीज फिंगर, कॅप्सिकम, कर्ड म्हणतो, ते भारतातलं इंग्रजी. बाहेर वांगं एगप्लँट किंवा ऑबर्जीन, भेंडी ओक्रा, ढोबळी मिरची बेल पेपर, दही प्लेन योगर्ट. कोथिंबीर अमेरिकन मेनूत सिलांट्रो. "पार्सल" म्हटलं तर टपालाचं काहीतरी वाटतं, तिथे "टेकअवे". आणि "नॉन-व्हेज" हा शब्दच बाहेरच्या माणसाला नवा. चिकन हवं तर चिकन म्हणा, मटण हवं तर "लँब" का "गोट" ते बघा, कारण आपलं मटण बकऱ्याचं आणि त्यांचं बहुतेक मेंढीचं. दुबईत मात्र आपली माणसं इतकी आहेत की लेडीज फिंगरसुद्धा खपून जाईल.

तिथल्या न्याहारीत एक गंमत. बेकन आणि सॉसेज डुकराचंच असतं असं आपण ऐकलेलं असतं, पण तिथे ते बहुतेक वेळा बीफचं किंवा टर्कीचं असतं. तुम्ही गोमांस खात नसाल तर "नो बीफ, प्लीज" हे स्पष्ट म्हणा. शंका आली तर "व्हॉट मीट इज इट?" हे तीन-चार शब्द सोन्याचे आहेत. सॅलड, सूप, पास्ता अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांतही मांसाचे तुकडे निघतात.

तुमच्या सौभाग्यवती शाकाहारी आहेत की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण गुरुवार, संकष्टी कोकणात कोणाला चुकते? "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर परदेशात अंडं चालतं असं गृहीत धरतात, काही ठिकाणी मासेही. म्हणून "व्हेजिटेरियन, नो एग, नो फिश, नो मीट" असं चारही सांगावं. कांदा-लसूण नको तर "नो अनियन, नो गार्लिक". भारतात "जैन फूड" म्हटलं की आचाऱ्याला सगळं कळतं, बटाटासुद्धा काढतो, म्हणून बटाटा हवा असेल तर तेही सांगा. उपवासाला "आय ॲम फास्टिंग टुडे" म्हणून पुढे "फ्रेश फ्रूट, मिल्क, अँड बॉइल्ड पोटॅटो" मागवा. वरी आणि साबुदाण्याच्या नादी खोलीत लागू नये. मी स्वतः एकदा एका आजींसाठी साबुदाणा शोधायला पोर्वरीपर्यंत माणूस पाठवला होता, पण ते माझ्यातलं वेंगुर्लं बोललं.

ॲलर्जीचा प्रश्न येईल: "एनी ॲलर्जीज?" नसेल तर "नो, थँक यू". असेल तर तेवढ्यापुरतं इंग्रजी पाठ करूनच निघा, इथे अंदाज चालत नाही. "माय वाइफ इज ॲलर्जिक टू पीनट्स." शेंगदाणे पीनट्स, काजू-बदाम वगैरे नट्स, दोन्ही वेगळे मानतात. कोलंबी-कुर्ल्या-तिसऱ्यांचा त्रास असेल तर शब्द "शेलफिश", नुसतं फिश नव्हे. एका बाईंनी मला "नो फिश" सांगितलं आणि कोलंबी मागवली. मला चमत्कारिक वाटलं म्हणून पुन्हा विचारलं, तर त्यांना मासे चालत होते, कोलंबीनेच अंगावर पित्त उठायचं. नाव त्यांनी उलटं धरलं होतं. मेनूत पदार्थांपुढे बारीक अक्षरं असतात ती वाचा. व्ही म्हणजे शाकाहारी, एन म्हणजे त्यात नट्स आहेत. कुठलं अक्षर कशासाठी ते मेनूच्या तळाशी लिहिलेलं असतं.

मग येतो सगळ्यात महत्त्वाचा क्षण, आणि नेमका तिथेच लोक गाफील राहतात. मी म्हणते, "मे आय रिपीट युवर ऑर्डर?", आणि वाचायला लागते. समोरचा सुटल्याच्या आनंदात "येस येस, ओके ओके" करत राहतो. गुरुजी, तुम्ही आयुष्यभर शुद्धलेखन तपासलंत, तसा हा कान लावून तपासा. पेन घेऊन बसा आणि मी वाचत जाईन तसं तुमच्या कागदावर खूण करत जा. काही चुकलं तर "नो, नॉट पनीर. पीज पुलाव." असं तोडून सांगा. भरभर बोलतेय वाटलं तर "स्लोली, प्लीज" म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. फोनवर समोरच्याला समजेल असं बोलणं आमचं काम आहे, त्याचा पगार मिळतो. शेवटी ती म्हणेल "थर्टी टू फॉर्टी मिनिट्स". अर्धा तास सांगितला तर चाळीस धरा. जेवणाच्या ऐन वेळेत सगळ्या खोल्या एकदम मागवतात, तेव्हा जास्तच लागतो.

सगळं धरून बोलणं एवढंच होतं बघा:

"गुड ईव्हनिंग, इन-रूम डायनिंग, हाउ मे आय असिस्ट यू?"
"डिनर फॉर टू, प्लीज. वन फिश करी, वन स्टीम्ड राइस, वन पीज पुलाव, वन प्लेन योगर्ट."
"हाउ स्पायसी, सर?"
"मीडियम. नो बीफ, प्लीज."
"एनीथिंग टू ड्रिंक?"
"वन वॉटर, स्टिल. नॉट कोल्ड."
"एनी ॲलर्जीज?"
"नो, थँक यू."

घरी मॅडमना ऑर्डर टेकर करा आणि चार संध्याकाळी हे म्हणून बघा. पाठमोरे बसून. समोरासमोर तोंडाकडे बघून कळतं, फोनवर कळत नाही, म्हणून सराव पाठमोराच हवा. ही युक्ती मी आमच्या पोरांना वापरते.

आणि मुंबईत? मुंबईत मराठीत बोला की. पलीकडे अर्धी पोरं राजापूर-लांजा-कणकवलीचीच निघतील. मला एकदा एका पाहुण्याने दहा मिनिटं तुटकतुटक इंग्रजीत ऑर्डर दिली आणि शेवटी बायकोला बाजूला म्हणाला, "गे, सोलकढी असतली काय?" मी इकडून म्हटलं, "असतली, किती होयी?" पलीकडे दोन क्षण शांतता आणि मग जे हसू फुटलं ते अजून आठवतं. दुबईतही "हिंदी, प्लीज?" विचारून बघा, बऱ्याचदा चालतं.

ज्यांना बोलायचंच नाही त्यांच्यासाठी एक सोय आहे आणि ती फार थोडे वापरतात. खोलीत दाराच्या मुठीला अडकवायचं न्याहारीचं लांबट कार्ड असतं. त्यात चौकोनांत खुणा करायच्या, किती माणसं, किती वाजता ते भरायचं आणि झोपण्याआधी बाहेर अडकवून ठेवायचं. रात्री कुणीतरी ते गोळा करतं. एक शब्दही न बोलता सकाळी न्याहारी दारात. मात्र आधी तुमचं बुकिंग बघा. सीपी लिहिलं असेल तर खोलीभाड्यात न्याहारी धरलेली आहे, एमएपी म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही त्रिकाळ, ईपी म्हणजे नुसती खोली. पण धरलेली न्याहारी बहुतेक ठिकाणी खाली जाऊन खायची असते. खोलीत मागवली तर वेगळे पैसे लागतात. "इज ब्रेकफस्ट इन द रूम फ्री?" हे रिसेप्शनला एकदा विचारून घ्या.

वेळेचंही पाहा. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तुमच्या पोटात रात्रीचे आठ वाजतील तेव्हा तिथे साडेसहा झालेले असतील, आणि मेनूत जेवणाचे पदार्थ सातनंतरचे असू शकतील. तेव्हा मेनूत "ऑल डे" लिहिलेला भाग बघा, तो कधीही मिळतो. रात्री उशिरा मेनू आखडता होतो, सूप-सँडविच-बिर्याणी असा.

ताट आलं की दारावर टकटक आणि "रूम सर्व्हिस!" तुम्ही "येस, कमिंग" म्हणून उघडा, "ऑन द टेबल, प्लीज" म्हणा. मुलगा जायच्या आत झाकणं उघडून बघा. हे उद्धट नाही, उलट त्याला दुसरी फेरी वाचते. काही कमी असेल तर "योगर्ट इज मिसिंग". वेगळंच आलं असेल तर "धिस इज नॉट माय ऑर्डर". गार असेल तर "धिस इज कोल्ड. प्लीज चेंज". पाऊण तास होऊन काहीच आलं नाही तर फोन करून "माय ऑर्डर हॅज नॉट कम". यापेक्षा मोठी वाक्यं रागात जुळत नाहीत, मराठीतसुद्धा.

तो बिलावर सही मागेल. सही म्हणजे पैसे आता द्यायचे नाहीत, हॉटेल सोडताना हिशोबात येतील. पण वाचून करा. आपल्याकडे खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जाणाऱ्या हॉटेलांत खाण्यावर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो, त्याखालच्यांत ५ टक्के. सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो आपोआप बिलात घालता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मुंबईत तो दिसला तर "प्लीज रिमूव्ह सर्व्हिस चार्ज" म्हणता येतं. दुबईत आपला नियम चालत नाही. तिथे ५ टक्के व्हॅट २०१८ पासून आहे आणि हॉटेलं सर्व्हिस चार्जही घेतात. बहुधा मेनूतल्या किमतीत ते धरलेलं असतं, तळाची बारीक ओळ वाचा. आणि खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या काजू-चॉकलेटला हात लावू नका, ते पाहुणचाराचं नसतं.

जेवण झालं की ताटं दाराबाहेर ठेवून देणारे असतात. आम्हाला ते चालतं, पण रात्री कॉरिडॉरमधून जाणाऱ्याचा पाय पडतो. "प्लीज क्लिअर द ट्रे" एवढा फोन केलात की पोरगा येऊन नेतो.

राहिला चहा. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी चहाची दिसली, आणि ती रास्त आहे. नुसतं "टी" म्हटलंत तर गरम पाण्याची किटली, पिशवीतली चहापत्ती आणि दुधाचा इवलासा पेला येईल. ते जुळवेपर्यंत सगळं कोमट. मुंबईत "मसाला टी, मिल्क बॉइल्ड टुगेदर, शुगर सेपरेट" म्हणा. दुबईत तेही नको. तिथे उकळलेल्या, दाट दुधाच्या चहाला करक चाय म्हणतात. हा करक म्हणजे आपला कडकच. फोन उचला, तिचा दम संपू द्या, आणि म्हणा: "टू करक चाय, प्लीज."